अडीच आटे

कुतुबभाई कागदाच्या पुडीतून माझ्या तळहातावर ओततात
हरभऱ्याच्या डाळीएवढे ट्रान्झिस्टर,
डाळीसारखेच एका बाजूने सपाट, पण काळे, तीन पायांचे.
दहा घेतले की अकरावा फुकट.
नंबर इतका बारीक की लॅमिंग्टन रोडच्या भर दुपारीही
तो उजेडाकडे तिरका धरून वाचावा लागतो.
मला हवा होता एकच.

बाबांच्या खिशातली कानाची डबी आठवडाभर मुकी होती.
माझगावच्या खोलीत, पाटावर वर्तमानपत्र पसरून
मी ती उघडली. बाबा समोर उकिडवे.
"ह्यात कोण असतो?" त्यांनी विचारलं.
काय असतं, असं नाही. कोण.

(बाबा म्हणजे भिवा पाष्टे, पालिकेचे चावीवाले.
एकतीस वर्षं खांद्यावर लोखंडी चावी, त्यांच्या छातीएवढी उंच.
पहाटे साडेचारला भंडारवाड्याच्या टेकडीखाली
रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी आत सोडायची,
अडीच आटे डावीकडे,
की चार गल्ल्यांत हंडे वाजायला लागत.
पावणेसहाला अडीच आटे उजवीकडे,
की शिव्या.
रात्री त्याच चावीचं टोक पाइपावर, दुसरं कानाला,
जमिनीखालची गळती ऐकायची.
कान तिथेच सांडले, आई म्हणायची.
डॉक्टर म्हणतो, वय.)

वहीच्या मागच्या पानावर मी लिहून दाखवलं, मोठ्या अक्षरात:
एका पायाने येतं, एकाने जातं,
मधल्या पायात तुम्ही.

मधला पाय फार मागत नाही.
पण अर्ध्या-पाऊण व्होल्टच्या अलीकडून हाक मारली
तर तो ढिम्म.
तेवढा उंबरा ओलांडून जरासं ढकला,
की शंभरपट धार सुटते दुसरीकडून,
आणि तुम्ही जसं ढकलाल, कमी-जास्त, थांबत-थांबत,
तशीच ती हलते.

"म्हणजे जोर त्याचा नाही."
मी मान हलवली. सेलकडे बोट दाखवलं.
"मग पाणी तानशाचं," बाबा म्हणाले,
जे त्यांनी हार घालणाऱ्यांना सांगितलं होतं
आणि गचांडी धरणाऱ्यांनाही.

मी पुढे लिहिलं: हा आधीपासूनच थोडा उघडा ठेवतात.
आवाज यायच्या आधीच एक रेझिस्टर
त्याचा हात धरून उभा असतो.
मिटलेला असेल तर बारीक बोलणं दारातच मरतं,
सताड असेल तर नुसता वाहतो, सांगत काहीच नाही.
मधे ठेवला, तरच आवाजाला चढायला-उतरायला जागा.

बाबांनी हे दोनदा वाचलं.
मग म्हणाले, एकदा मी पाव आटा जास्त दिला होता.
नवरोजी हिलवर, वरच्या गल्लीत मयत होती,
आंघोळ घालायला पाणी चढत नव्हतं.
खालच्या गल्लीत त्या दिवशी कुणाचा तरी हंडा अर्धा राहिला.
कुणाचा, ते मला अजून माहीत नाही.

ह्याला असं काही होत नाही, मी लिहिलं.
जास्त झालं तर तापतो, आणि जळतो.
"बरं आहे त्याचं," बाबा म्हणाले,
की "बरं आहे का त्याचं?"
राळेचा धूर डोळ्यात गेला होता, मला नीट कळलं नाही.

जुना उपटला. नवा बसवला. पाय छाटले,
त्यातला एक उडून कॅलेंडरमागे गेला.
डबी बंद, सेल आत, बोंडी कानात.
"ऐकू येतं?" मी ओरडले, सवयीने.

ते कळवळले. हाताने खुणावलं: कमी, कमी.
मग मान तिरकी करून थांबले,
रस्त्यात मध्यरात्री थांबत असतील तसे.

"मोरीतला नळ ठिबकतोय," म्हणाले. "कधीपासून?"

मला काहीच ऐकू येत नव्हतं.
ते उठले होते, खणात वॉशर शोधत होते.